खोट्या वासावर भाजलेला रोट

माझ्या नाकाचा मला गर्व होता, आणि का नसावा? सुरतेत डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर कुणाची डाळ करपायला लागली, तर त्या बाईच्या आधी मला कळायचं. खाली ओट्यावर मेथी निवडत बसलेली मी तिथूनच ओरडायचे, "अगं, गॅस बंद कर आधी!" यजमान पलसाण्याच्या मिलमध्ये रंगाईच्या खात्यात आहेत. ते जिना चढत असतानाच आज मिलमध्ये कसलं काम चाललं होतं ते मी त्यांच्या शर्टाच्या वासावरून सांगायचे. ते म्हणायचे, "तू पोलिसात भरती हो, कुत्र्यांच्या नोकऱ्या जातील." मला राग यायचा नाही. उलट बरंच वाटायचं.

पण या नाकाला घराण्यात खरा मान होता तो कानबाईच्या रोटामुळे. आम्ही खान्देशी. सुरतेत आमची पोरं गुजरातीत भांडतात आणि हिंदीत मोबाइल बघतात, तरी श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई बसते म्हणजे बसतेच. नारळाला नथ घालून, डोळे लावून देवी सजवतात आणि सगळे भाऊबंद एका घरी जमतात. नैवेद्याला रोट. दर घराण्याची रीत वेगळी असते. आमचा रोट गव्हाचा, गुळाच्या पाण्यात मळलेला, चांगला जाडजूड, मातीच्या खापरावर मंद आचेवर भाजलेला. तो फक्त भाऊबंदांनीच खायचा आणि एक कणही टाकायचा नाही.

आता यातली खोच ऐका. देवीला दाखवल्याशिवाय रोट चाखायचा नाही, मोडायचा नाही, टोचून बघायचा नाही. गुळामुळे तो वरून लगेच लाल होतो आणि आत पीठ कच्चंच राहतं, त्यामुळे डोळ्यांवर विसंबून चालत नाही. जिभेला बंदी, बोटाला बंदी, डोळा फसवा. राहिलं काय? नाक! भाजलेल्या गव्हाचा एक वास असतो, तो गुळाच्या वासाच्या मागून हळूच पुढे येतो, आणि तो आला की रोट उतरवायचा. जरा आधी काढला तर कच्चा, जरा उशीर झाला तर कडू. आणि देवीपुढे मोडलेला रोट कच्चा निघाला, तर पुढे वर्षभर घरात कुणाला शिंक आली तरी त्या रोटाकडे बोट जातं.

सासूबाईंनी खापर माझ्या हवाली केलं ते याच नाकामुळे. थोरली जाऊ असताना धाकटीच्या हातात खापर म्हणजे लहानसहान गोष्ट नाही. थोरलीला आम्ही सगळे जिजी म्हणतो. ती कतारगामला राहते. देवीची गाणी म्हणावीत तर तिनेच, खडा आवाज आहे. पण खापरापुढे बसली की तिचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. खापर मला मिळालं याबद्दल ती एका शब्दाने कधी बोलली नाही, आणि तेच मला टोचायचं. बोलली असती तर मी पण दोन शब्द सुनावले असते.

तर मागच्या हिवाळ्यात मला ताप आला. ताप गेला, खोकला गेला आणि जाता जाता वासही घेऊन गेला. सकाळी चहात आलं किसलं, कप नाकाशी नेला, तर नुसती गरम वाफ. हिंगाचा डबा उघडला, काही नाही. मी यजमानांचा मिलचा शर्ट तोंडाला लावून बसले. ते दारातून बघत होते, म्हणाले, "आज लई प्रेम उतू चाललंय." मी रडायलाच लागले, तेव्हा बिचारे गोंधळले. अहो, जेवायचं म्हणजे नुसतं चावायचं! खारट, तिखट, गोड एवढंच कळायचं. मसाल्याची वांगी आणि भिजवलेला पुठ्ठा यांत मला फरक सांगता आला नसता.

उन्हाळा लागला तसा वास परत आला. पण कसला! एका सकाळी पोळ्या करत होते आणि एकदम पॉलिएस्टर जळाल्याचा वास. आमच्याकडे तो वास पोराटोरालाही ओळखू येतो. कापड कसलं आहे हे बघायची इथली साधी रीत आहे: एक दोरा ओढायचा, त्याला काडी लावायची आणि वास घ्यायचा. सुती दोरा कागदासारखा जळतो, रेशीम केसासारखं, आणि पॉलिएस्टर वितळतं, त्याचा उग्र वास घशात जाऊन बसतो. खालच्या गुजराती बाईकडे साड्यांना लेस लावायचं काम चालतं, कडा गरम कटरने कापतात. मला वाटलं, झालं, तिच्याकडे साड्यांना आग लागली. मी पिठाच्या हातांनी धावत खाली गेले, कटरची पिन उपटली आणि कोपऱ्यातल्या साड्यांच्या गठ्ठ्यावर बादलीभर पाणी ओतलं. ती बाई कपाळाला हात लावून म्हणाली, "मासी, कशुं नथी बळतुं!" काहीच जळत नव्हतं, कटर बंदच होता. ती देवपूजा करत होती.

ओल्या साड्या आम्ही दोघींनी गच्चीवर वाळत घातल्या. बाई चांगली म्हणून हसली. मला मात्र वर आल्यावर कळलं की तो जळका वास माझ्याच पोळीचा होता. हळूहळू लक्षात आलं की जे जे भाजलं जातं त्याला हाच वास. पोळी, शेंगदाणे, रवा, पापड, सगळ्यांचं पॉलिएस्टर! कांदा-लसणाचं तर नावच काढू नका.

जिजीच्या कानावर गेलंच. ती एका दुपारी आली, पाणी प्यायली आणि आपल्या अहिराणीत सरळ म्हणाली, "यंदा खापर मनाकडे दे. देवीनं काम शे, खेळ नही." वाईट बोलली नाही, हे मला मान्य आहे. तिलाही देवीची भीती वाटत होती. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "श्रावणाला वेळ आहे अजून. बघू." ती गेली आणि मी खापर फळीवरून काढून मांडीवर घेऊन बसले. एकदा खापर हातातून गेलं की परत येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. कारण एकदा माझ्याकडे आल्यावर ते तिच्याकडे कधी गेलं नाही.

जिजीची मुलगी, माझी पुतणी, युनिव्हर्सिटीत मेंदूवर शिकते. नुसत्या मेंदूवर नाही, मेंदूतल्या वासाच्या भागावर. आजवर मी तिला चिडवायचे, "एवढं शिकून वासच घ्यायचा होता तर माझ्याकडे यायचं होतंस." आता मीच तिला फोन करून बोलावलं. ती आली, ओट्यावर माझ्याशेजारी बसली आणि मोबाइलमध्ये एक चित्र दाखवलं. काळ्यावर हिरवे धागे, धाग्यांच्या गाठी. "हा उंदराच्या मेंदूचा काप आहे, काकू."

"हट! माझं नाक आणि उंदराचं नाक एक का?"

"मांडणी बरीचशी सारखी आहे. उंदराचं जास्त चांगलं, एवढंच."

मग तिने सांगितलं. नाकात वर, डोळ्यांच्या मधोमध, चाळणीसारखं एक हाड आहे. नाकातल्या पेशींचे धागे त्या भोकांतून वर जातात, तिथे मेंदूचा एक छोटा गोळा असतो. त्या गोळ्यात गाठी असतात. एका जातीच्या पेशी नाकात कुठेही विखुरलेल्या असोत, त्यांचे धागे वर जाऊन आपल्या ठरलेल्या गाठींतच शिरतात. "आपल्या कापड मार्केटसारखं," ती म्हणाली, "माल कुठूनही येवो, ज्याच्या त्याच्या दुकानावरच उतरतो." तापात माझ्या नाकातल्या त्या पेशींची वाट लागली असणार. पण त्या नव्याने उगवतात. आता नव्या धाग्यांना आपापली गाठ शोधत जायचं आहे. त्यातले काही चुकीच्या गाठीत शिरतात, काही अजून पोचलेलेच नाहीत. "म्हणून गव्हाचा माल पॉलिएस्टरच्या दुकानावर उतरतोय, असं आम्हाला वाटतं. अगदी नक्की कुणालाच माहीत नाही हं, काकू."

त्या गाठींच्या आजूबाजूला म्हणे असल्या पेशी असतात ज्यांना लांब धागाच नसतो. त्या कुठे दूर निरोप नेत नाहीत. नुसत्या शेजारणीला चिकटून बसतात, तिचं ऐकतात आणि तिला गप्प करतात. मी म्हटलं, "म्हणजे जिजीच की!" पोरगी आईवर केलेला विनोद ऐकून इतकी हसली की मोबाइल हातातून पडला. मग डोळे पुसत म्हणाली, "पण त्या नसल्या तर नुसता गोंगाट होईल, काकू. एक वास दुसऱ्यापासून वेगळाच करता यायचा नाही."

"बरं, आणि गोळ्याच्या पुढे?"

पुढची गोष्ट मला जास्त आवडली. गोळ्यातून निघालेले धागे मेंदूतल्या वासाच्या मुख्य भागात जातात आणि तिथे दुकानं-बिकानं काही नाही. एकेक धागा सगळीकडे पसरतो, एकेका पेशीवर अनेक गाठींचे धागे येऊन पडतात. आणि तिथल्या पेशी बाहेरच्यांशी बोलतात त्यापेक्षा आपसातच जास्त बोलतात. ज्या पुन्हापुन्हा एकत्र जाग्या होतात त्यांची जोड पक्की होते. मग पुढच्या वेळी चार जणी जाग्या झाल्या तरी त्या बाकीच्यांना उठवतात.

"भाऊबंद," मी म्हटलं.

"हो, भाऊबंदच. तुझ्या मेंदूत 'रोट झाला' अशी पाटी लावलेली एक पेशी नाही. इतक्या वर्षांत जमलेली एक टोळी आहे."

"मग ती टोळी गेली का माझी?"

"टोळी असेल. तिला उठवणारा निरोप बदललाय." मग ती म्हणाली, "आणि काकू, वास खोटा असला तरी भाजलेल्याला हाच येतो ना दर वेळी? पाण्याला नाही येत, दुधाला नाही येत. म्हणजे खोटा आहे, पण मनाला येईल तसा नाही."

त्या वेळी मी मान हलवली, पण डोक्यात काही शिरलं नाही. माझं लक्ष सरावाकडे होतं. रोट आधी करून बघायचे नसतात, म्हणून मी साध्या पिठाच्या जाड गोड पोळ्या करायला घेतल्या आणि त्यांना रोट म्हणायचं नाही असं यजमानांना बजावलं. खापर तापलं की तो जळका वास यायचा आणि मी घाबरून पोळी काढायचे. मोडावी तर आत पांढरं पीठ. दर वेळी तेच. वास नाकात शिरला की हात आपोआप पुढे जायचा. यजमान कच्च्या पोळ्या मुकाट्याने दुधात कुस्करून खायचे. एकदा म्हणाले, "घड्याळ लावून बघ." तेही केलं. पण एक पोळी जाड, एक पातळ, गॅस कधी मोठा कधी मंद. घड्याळाला काय कळतं त्यातलं?

मग पुतणीनेच तोड काढली, आई वास घेईल आणि काकू भाजेल. जिजी आली, पदर खोचून शेजारी बसली. तिचं नाक शाबूत, ठणठणीत. जरा गोड वास सुटला की ती म्हणायची, "झाला, काढ!" मोडावी तर आत कच्ची. पुन्हा केली, पुन्हा तेच. शेवटी जिजी वैतागली. "वास तर ये ऱ्हायना ना वं! मी का खोटं सांगस?" ती खोटं सांगत नव्हती. वास तिला येत होता, पण त्या वासाने तिच्या डोक्यात कुणी जागं होत नव्हतं. तिने खापरापुढे वर्षं काढली नव्हती, गाणी म्हणण्यात काढली होती. आणि तेव्हा कुठे पुतणीचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलं. जिजीकडे खरा वास आहे आणि टोळी नाही. माझ्याकडे टोळी जमवायची सवय आहे आणि वास खोटा. मग या खोट्या वासाभोवतीच नवी टोळी का जमवू नये?

दुसऱ्या दिवसापासून मी वास आला तरी पळायचं नाही असं ठरवलं. नाकाला पदर लावायचा नाही. खापरावर वाकून तो घाणेरडा वास छाती भरून घ्यायचा. अहो, ओकारी यायची! पण बसून राहिले तसं कळायला लागलं की तो सगळा एकसारखा नाही. आधी कटर तापल्यासारखा हलका येतो. मग उग्र होतो, घशात बसतो, आणि नेमकी इथेच मी आजवर पोळी काढत होते. त्याच्याही पुढे गेलं की तो चिकट होतो, खळीच्या डब्यासारखा. मी त्या चिकट वासाला पोळी काढली आणि मोडली. आत पोळी मोकळी, खुसखुशीत, गव्हाच्या रंगाची. मी एकटीच होते स्वयंपाकघरात. मी मोठ्याने म्हटलं, "आई गं, जमलं!" आणि खापराला हात जोडले.

त्यानंतर रोज. कधी चुकायची, पण चुकणं कमी होत गेलं. पुढे पुढे तर चिकट वास यायच्या आधीच हाताला कळायचं की आता येणार. पुतणीला सांगितलं तर ती उड्या मारायला लागली. म्हणाली, "तुझा मेंदू मला बघायला मिळाला असता तर!" मी म्हटलं, "मी मेल्यावर बघ. आधी काप काढू नकोस म्हणजे झालं."

कानबाईचा रविवार आला. सकाळपासून घर भरलेलं. बाहेरच्या खोलीत देवी सजली, बायका गाणी म्हणत होत्या आणि जिजीचा आवाज सगळ्यांच्या वर. खापर माझ्यापुढे होतं. ते मी कुणाला दिलं नव्हतं आणि पुतणीखेरीज कुणाला काही सांगितलंही नव्हतं. पहिला रोट टाकला आणि गाणं मध्येच थांबलं. जिजी आत आली, माझ्याशेजारी उकिडवी बसली. गुळाचा वास घरभर गेला असणार, कारण बाहेर पोरं "आला, आला" करायला लागली. मला कटरचा वास येत होता.

"काढ," जिजी म्हणाली.

"थांब."

वास उग्र झाला. माझे डोळे चुरचुरायला लागले. रोट वरून लालभडक दिसत होता.

"काढ वं आते, जयी जाई!"

जळून जाईल म्हणून तिचा आवाज चढला होता. खोटं का सांगू, एक क्षण वाटलं, हिचं नाक खरं आहे, माझं खोटं आहे, हिचं ऐकावं. देवीपुढे कडू रोट गेला तर मला तोंड दाखवायला जागा नाही. पण मी हात मांडीवर दाबून धरला आणि वाकून वास घेत राहिले. घशातली खवखव हळूहळू सैल झाली. मग चिकट झाली. मी रोट उतरवला आणि दुसरा टाकला. जिजीही उठली नाही. सगळे रोट होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली. गाण्याला बायका हाका मारत होत्या, तरी गेली नाही.

दुपारी नैवेद्य दाखवला. थोरल्या दिरांनी पहिला रोट मोडला. मी भिंतीला टेकून उभी होते. रोट मोडल्याचा आवाज झाला आणि सगळ्यांनी वाकून बघितलं. आत पांढरं काही नव्हतं. दिरांनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि दुसरा तुकडा घेतला. यजमानांनी लांबून माझ्याकडे बघून मान डोलावली. पुतणी तर रडतच होती, वेडी.

मग पंगत बसली आणि माझ्या पानात वरून तूप सोडलेला रोट आला. कुणाच्या ध्यानात नव्हतं, पण मला काय लागणार होतं ते मला ठाऊक होतं. घास तोंडात घातला आणि वितळलेली साडी चावल्यासारखं झालं. सगळीकडे लोक तोंड भरून वाहवा करत होते, आणि मी माझ्याच हातचा रोट गिळता येत नाही म्हणून पाणी पीत होते. टाकता तर येत नाही. देवीचा आहे. आनंद झाला होता, खरंच झाला होता, पण डोळे भरून आले ते काही आनंदाने नाही. इतकं केलं, आणि सगळ्या घरात मलाच तो मिळाला नाही.

जिजी माझ्या पानाकडे बघत होती. ती आपलं ताट उचलून माझ्या शेजारी येऊन बसली. तिने आपल्या रोटाचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावत चावत थांबली.

"तुले लागत नही ना?" ती हळू म्हणाली. "मंग आयक. मी सांगस."

आणि तिने सांगायला सुरुवात केली. पहिले तूपना वास येस. मंग गूयना, पण जास्त नही. मंग भाजेल गहू, आपला गावले खळावर येत होता तसा. तिने एक घास घेतला की मी एक घास घ्यायचे. ती सांगत होती, आणि ऐकत ऐकत मी अख्खा रोट संपवला.